अर्धाच दिवस हाताशी असेल, तर फोर्ट की गिरगाव?

लग्नकार्य, दवाखाना, मुलाची मुलाखत, कशासाठीही मुंबईत आलं तरी परतीच्या गाडीआधी एखादी सकाळ किंवा दुपार मोकळी सापडते. आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांचा तेव्हा एकच प्रश्न असतो, जुनी मुंबई पायी बघायची तर कुठं जायचं? मी दोन्हीकडे बरीच माणसं नेली आहेत आणि आता माणूस बघून उत्तर देते.

मुंबई आधी कधीच पाहिलेली नसेल तर फोर्ट. यावर मी फार वाद घालत नाही. सीएसएमटीच्या समोरच्या पदपथावर उभं राहून ती इमारत डोळे भरून पाहायची आणि चालायला लागायचं. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या इमारतींखालून कमानींची सलग वाट जाते, त्यामुळे ऊन असो की पाऊस, डोक्यावर छप्पर मिळतं. फोर्टची ही सोय गिरगावात नाही. रेंगाळत गेटवेपर्यंत पोहोचायला तीन तास धरा. अंतर तीनेक किलोमीटरच आहे आणि वाटेत चढ नाही, गुडघे दुखणाऱ्यांना फक्त एशियाटिकच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय असलेल्या जुन्या टाउन हॉलच्या ३० पायऱ्या टाळाव्या लागतील.

फोर्टमध्ये एक गोष्ट आधी माहीत असली की चालण्यात रस वाढतो. इथं खराच किल्ला होता. त्याचे तट १८६०च्या दशकात पाडले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आज दिसणारी भव्य मुंबई उभी राहिली. तटाच्या तीन दरवाजांपैकी एक सेंट थॉमस चर्चकडे जायचा, म्हणून तो चर्चगेट. स्टेशनला नाव मिळालं ते त्यावरून. हे चर्च १७१८चं आहे आणि अजून उभं आहे. रोज त्या स्टेशनवर उतरणाऱ्या कित्येकांनी ते पाहिलेलं नसतं, याची मला खंत वाटते. तिथून हुतात्मा चौक जवळच आहे. १८६४चं कारंजं आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. आमच्याकडच्या वयस्कर मंडळींचे पाय इथंच थबकतात. संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी निघतात आणि पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. जाऊ द्या, ती थांबण्याचीच जागा आहे. राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, काळा घोडा हे सगळं पुढं वाटेत येतंच.

फोर्टला रविवारी सकाळी जावं. आठवड्यातल्या इतर दिवशी कचेऱ्यांच्या गर्दीत मान वर करून इमारती बघायला थांबलात तर मागचा माणूस आदळतो. गिरगावचं नेमकं उलट आहे. तिथं दुकानं उघडी हवीत, बायका भाजी घेत असायला हव्यात, नाहीतर बघायचं काय?

कारण गिरगावात बघायची ती राहती वस्ती. चर्नी रोडला उतरून पूर्वेला आलात की फणसवाडी, मुगभाट, आंबेवाडी, केळेवाडी अशी नुसती नावं वाचत गेलात तरी इथं कधीकाळी वाड्या-बागा होत्या हे कळतं. खोताची वाडी हा या वाटेचा गाभा. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलं आणि दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच गल्ली. एकेकाळी साठेक घरं होती, आता त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. जवळच केशवजी नाईक चाळ आहे. इथला सार्वजनिक गणपती १८९३पासून बसतो. मग चौपाटीवर या. ऑगस्ट १९२०मध्ये लोकमान्यांचे अंत्यसंस्कार इथं झाले, त्यांचा पुतळा त्याच वाळूत आहे. अंतर दोन किलोमीटरांच्या आतलं, पण पदपथ अरुंद आणि दुकानांनी वेढलेले. बाबागाडी घेऊन जाऊ नका. पावसाळ्यात मी इथं पाहुण्यांना आणत नाही.

खाण्यात मात्र गिरगाव सरस. विनयची मिसळ, पणशीकरांकडचं पीयूष, एवढ्यासाठी वाट वाकडी केली तरी चालेल. फोर्ट-धोबीतलावच्या बाजूला इराणी हॉटेलं आहेत. कयानीतला ब्रून मस्का आणि चहा मला आवडतो, पण ती चव पाहुण्यांना पहिल्या घोटात पटतेच असं नाही.

आता कुणी सांगितलं, की शाळेच्या सहलीत गेटवे, म्युझियम, सीएसएमटी सगळं झालंय, तर मी बिनदिक्कत गिरगाव सांगते. फोर्टमधल्या मोठ्या इमारतींना वारशाचं संरक्षण आहे, सीएसएमटी २००४पासून जागतिक वारसा यादीत आहे, ओव्हलच्या भोवतालच्या इमारती २०१८पासून. दहा वर्षांनी आलात तरी त्या दिसतील. वाड्या-चाळींच्या जागी मात्र टॉवर उभे राहताहेत. मी स्वतः दोन वर्षांनी एका गल्लीत गेले तर ओळखीचं घर पत्र्यांच्या कुंपणामागे गेलेलं होतं.

दोन्ही एका दिवशी बसवायचा मोह होईल, कारण मेट्रोनं हुतात्मा चौकातून सीएसएमटी, काळबादेवी आणि मग लगेच गिरगाव येतं. अख्खा दिवस असेल तर जरूर करा, सकाळी फोर्ट आणि चारनंतर गिरगाव. अर्ध्या दिवसात नको. त्यात दोन्हीकडची फक्त फोटोपुरती ओळख होते. एशियाटिकमधला नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा पाहून झाल्यावर त्यांचंच नाव असलेल्या गिरगावच्या रस्त्यावरून चालायला सावकाश वेळ हवा.

गुढीपाडव्याच्या सकाळी मुंबईत असाल तर काही विचार न करता गिरगाव. शोभायात्रा असते. अनंत चतुर्दशीला मात्र विसर्जन बघायचं असेल तरच त्या बाजूला फिरका.

खोताच्या वाडीत जाताना एक सांभाळा. ती लोकांची राहती घरं आहेत. दार उघडं दिसलं म्हणून ओसरीवर चढू नका, कॅमेरा आधी काढू नका. कुणी बाहेर बसलेलं असेल तर नमस्कार करून विचारा, आणि मराठीतच विचारा. तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच ख्रिस्ती आजी-आजोबांची भाषाही तीच आहे.