हायब्रिड सुरूच होईना: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः बारा व्होल्टच्या बॅटरीबद्दल

मायलेज, शांतपणा, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. मायलेज अपेक्षेइतकं मिळतं आणि गाडी चालवायला मला मनापासून आवडते. पण गाडी घेताना एका वस्तूचा उल्लेखही कुणी केला नव्हता. ती म्हणजे बारा व्होल्टची साधी बॅटरी.

गाडी बरेच दिवस उभी होती. रिमोटने दार कसंबसं उघडलं. ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं, तर डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे एकदम लागले, हायब्रिड सिस्टिम तपासा असा संदेश चमकून गेला, आत कुठेतरी रिले (विजेने चालणारा स्विच) टकटकला आणि स्क्रीन काळी झाली. गाडी चालायला तयार आहे हे सांगणारं 'रेडी' काही येईना. दोन-तीनदा पुन्हा दाबल्यावर तर आतला दिवाही लागायचा बंद झाला. गिअर पार्कमध्ये अडकलेला, त्यामुळे ढकलून बाजूला घेणंही अशक्य. आणि ढकलून सुरू करण्याचा जुना उपाय या गाड्यांना मुळातच लागू नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. समोरच्या माणसाने गाडी न पाहता सांगितलं, "मोठी बॅटरी गेली असणार, टो करून आणा." मोठी बॅटरी म्हणजे चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरला वीज देणारी, या गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. मी एवढंच विचारलं, की कोणता फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पाहून तुम्ही हे सांगताय? उत्तर आलं नाही. इथे मला राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मल्टिमीटर घरात होता. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये जंपसाठी, म्हणजे बाहेरून वीज देऊन गाडी सुरू करण्यासाठी, दिलेलं पॉझिटिव्ह टोक असतं (सगळ्या मॉडेल्समध्ये नसतं, मॅन्युअल बघा). तिथे लावून पाहिलं तर जेमतेम ९ व्होल्ट. बारा व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की ती संपत आली समजायचं. ९ वर गाडीतले कॉम्प्युटर धड जागे होत नाहीत, आणि अर्धवट जागे झालेले कॉम्प्युटर एकमेकांबद्दल वाटेल त्या तक्रारी नोंदवतात. ते सगळे दिवे त्याचेच होते.

शेजाऱ्यांचा खिशात मावणारा जंप पॅक आणला. लाल चिमटा त्या टोकावर, काळा इंजिनजवळच्या उघड्या धातूवर. ब्रेक, बटण, आणि लगेच 'रेडी'. एवढासा पॅक पुरतो, कारण माझ्या गाडीत नेहमीचा स्टार्टर मोटरच नाही. इंजिन फिरवण्याचं काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर-जनरेटर करते. छोट्या बॅटरीला फक्त कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे मुख्य रिले जोडायचे असतात. पण ते जोडले गेले नाहीत, तर मागे असलेली दोनशे व्होल्टची बॅटरी म्हणजे कुलूप लावलेलं धान्याचं कोठार.

माझी खरी तक्रार इथे सुरू होते. साध्या गाडीची बॅटरी मरायच्या आधी स्टार्टर घरघर करून आठवडे-आठवडे सूचना देतो. हायब्रिडमध्ये ती घरघर नाही. काल सकाळी झटकन 'रेडी', आज काहीच नाही. आणि समोरच्या मोठ्या रंगीत पडद्यावर काय दिसतं? इंजिनातून चाकाकडे बाण, चाकातून बॅटरीकडे बाण, मोठ्या बॅटरीच्या पट्ट्या, दर पाच मिनिटांचं मायलेज. ज्या बॅटरीवाचून यातलं काहीच चालत नाही तिचा एक आकडासुद्धा नाही. आत मोजमाप होतं, स्कॅनर लावला की व्होल्टेज लगेच दिसतं. म्हणजे गाडीला माहीत आहे, मालकाला सांगत नाही. एवढी विचारपूर्वक बनवलेली गाडी इथे गप्प का, हे मला अजून पटलेलं नाही.

वरचं लिहून ठेवलं होतं, पुढचं नंतरचं. तेव्हा माझी दुसरी तक्रार अशी होती, की मोठी बॅटरी भरलेली असताना तिच्यातून दोन मिनिटं उसनी वीज का घेता येऊ नये? वाचत गेल्यावर मत बदललं. गाडी बंद असताना किंवा अपघात झाल्यावर मोठ्या बॅटरीचे मुख्य रिले सुटलेले राहतात, म्हणून तिच्या जाड नारिंगी केबलमध्ये उच्च दाब राहत नाही. रिले चालू ठेवायला वीज लागते आणि वीज गेली की ते आपोआप सुटतात, हीच त्यातली सुरक्षितता आहे. बचावपथकाच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. ती तक्रार मी मागे घेते. (त्या नारिंगी केबलना आणि त्यांच्या जोडांना आपण कधीच हात लावायचा नाही.) तरी मार्ग निघू शकतो. ह्युंदाई आयोनिक हायब्रिड आणि किआ निरो हायब्रिडमध्ये बारा व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी व्हायच्या आतच तिची जोडणी आपोआप बंद केली जाते आणि डॅशबोर्डवरचं रिसेटचं बटण दाबून राखीव विजेवर गाडी सुरू करता येते. मला नेमकं हेच हवं होतं.

सर्व्हिस सेंटरला नंतर गाडी स्वतः चालवत नेली. स्कॅनमध्ये कमी व्होल्टेजचे कोड निघाले. मोठी बॅटरी बदला असं सांगणारा पी०ए८० नव्हता. तरीही "एकदा उघडून बघू" असा आग्रह झाला. मी नकार दिला आणि फक्त छोटी बॅटरी बदलून घेतली. ती माझ्या गाडीत डिकीत असते, म्हणून वायू बाहेर सोडणाऱ्या नळीसह एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंच्या थरात शोषून ठेवलेली, सीलबंद) प्रकारचीच लागते. स्वस्तातली दुसरी बसवू देऊ नका. आणि बॅटरी पार मेली की विजेवर उघडणारी डिकीही उघडत नाही, हे ज्याने ठरवलं त्याला मला भेटायचंय.

बॅटरी का मेली, याचा हिशेब साधा आहे. बंद गाडीही अलार्म आणि रिमोटच्या रिसिव्हरसाठी थोडी वीज खाते. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक मानतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण अडीच आठवड्यांत निम्मी. त्यात गाडी 'रेडी' न करता रेडिओ लावून बसलं तर चार्जिंग होतच नाही, कारण बारा व्होल्टला वीज देणारा कन्व्हर्टर 'रेडी' असतानाच चालतो. उलट 'रेडी' असताना इंजिन बंद असलं तरी चार्ज होतं, तेव्हा एक्सलरेटर दाबून काही मिळत नाही. चालू असताना मीटरवर १४ च्या आसपास दिसलं की कन्व्हर्टर नीट आहे.

प्रत्येक वेळी दोष बॅटरीचाच असतो असं नाही. डॅशबोर्ड नीट उजळतोय पण किल्ली सापडत नाही म्हणतोय, तर किल्लीतला सेल संपलाय. बऱ्याच गाड्यांत किल्ली बटणाला टेकवून सुरू करता येतं. ब्रेक दाबूनही गाडी दाद देत नसेल तर मागचे ब्रेकलाइट लागतात का बघा, स्विच गेलेला असू शकतो.

आता सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर लावलाय. गाडी उभी राहणार असेल तर अधूनमधून तासभर 'रेडी'मध्ये ठेवते, मोकळ्या हवेत, कारण इंजिन मधेच सुरू होतं. किल्ली गाडीपासून लांब ठेवते. जंप पॅक विकत घेतला आणि तो पुढच्या खणात असतो, डिकीत नाही. गाडीला पाचपैकी चार, पडद्याला एक.