टी-बेल्टचा दिवा गेला म्हणजे बेल्ट बदलला असं समजू नका

ज्यांच्याकडे लाख-दीड लाख किमीच्या वर पळालेली डिझेल गाडी आहे आणि जे ती बाहेरच्या गॅरेजला टाकतात त्यांनी हे वाचाच. माझे पैसे तर गेलेच, पण ज्या पद्धतीने गेले ते सांगायचंय.

गाडी जुनी इनोव्हा, 2.5 डिझेल, सेकंडहँड घेतलेली. या इंजिनला चेन नाही, टायमिंग बेल्ट (टी-बेल्ट) आहे, म्हणजे इंजिनचे वरचे-खालचे भाग एका मेळात फिरवणारा रबरी पट्टा, आणि मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा असतो, ठरलेलं रनिंग झालं की पेटतो. आधीच्या मालकाने लाख किमीच्या आसपास बेल्ट बदलून घेतला होता, त्याचं बिलही मला दिलं होतं. मग दोन लाख झाले आणि दिवा परत लागला. गणपतीला गावी जायचं होतं, घरची सगळी माणसं, सामान, वरून घाट, म्हटलं आत्ताच उरकून टाकू, आणि कुर्ल्याकडच्या एका गॅरेजला गाडी दिली. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे.

संध्याकाळी गेलो तर गाडी पुसून-बिसून उभी, दिवा गायब. त्याने जेन्युइन पार्टचा खोका दाखवला, स्टिकर-बिकर सगळं बरोबर. मी म्हटलं जुना बेल्ट द्या. तर एक सेकंद न थांबता काउंटरखालून एक काढून हातात दिला, काळाकुट्ट, पाठीवर बारीक बारीक चिरा, वर म्हणतो कसा, "बघा दादा, हा घाटात तुटला असता, गणपतीनेच वाचवलं तुम्हाला." 8,500 घेतले. पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वर लागेल म्हणाला, म्हणून लेटरपॅडवर लिहून घेतलं, पैसे मात्र मोबाईलवरून पाठवले होते ते बरं झालं, आज तेवढाच पुरावा हातात आहे.

गावी जाऊन आलो, त्यानंतरही पस्तीसेक हजार किमी गाडी मस्त पळाली. मग एक दिवस ईस्टर्न फ्रीवेवर चेंबूरकडे येताना चालत्या गाडीत इंजिन बंद. आधी काही खडखड नाही, धूर नाही, टेंपरेचर नॉर्मल. एकदा टप् असं झालं आणि शांत. पॉवर स्टिअरिंग गेलं, ब्रेक एक-दोनदा दाबेपर्यंत लागले मग पाय टाकला तरी कडक, मागून गाड्या हॉर्न मारत येतायत आणि फ्रीवेवर बाजूला घ्यायला जागा किती असते ते रोज जाणाऱ्यांना माहितीये. कशीबशी कडेला लावून सेल्फ मारला तर इंजिन नुसतं भरभर फिरतंय, नेहमी जो लोड येतो तो नाहीच. असं झालं ना की परत परत सेल्फ मारू नका, जे वाचलेलं असेल तेही जातं. सरळ टोइंगवाल्याला फोन.

ज्यांना वाटतं बेल्ट तुटला तर नवीन टाकू, काय एवढं, त्यांच्यासाठी सांगतो. खाली क्रँक नावाचा दांडा फिरतो त्याने पिस्टन वर-खाली होतात, वर कॅमचा दांडा फिरतो त्याने हवा-धुराचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक. हा मेळ धरून ठेवायचं काम त्या रबरी पट्ट्याचं. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि पिस्टन तर गाडीच्या जोरावर अजून वर येतच असतात. डिझेलला कॉम्प्रेशन जास्त म्हणून मध्ये जागाच नसते, थेट धडक. माझे व्हॉल्व्ह वाकले, इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवावं लागलं, खर्च सत्तर हजारांच्या वर.

आता फसवणूक कशी कळली ते. ठाण्याचे ओळखीचे मिस्त्री आहेत, त्यांनी माझ्यासमोर कव्हर काढलं. आत बेल्टचे दात एका पट्टीत सोलून निघालेले, धागे लोंबतायत, आणि पाठीवर पांढऱ्या मार्करने लिहिलेलं किमी, अर्धं पुसलेलं पण वाचता येत होतं, 98 हजार आणि पुढे काहीतरी. म्हणजे आधीच्या मालकाने टाकलेला तोच बेल्ट! कुर्लेवाल्याने कव्हरला पाना लावलाच नव्हता. मग मला दिलेला जुना बेल्ट कुठला? तो डिकीत पिशवीत तसाच पडला होता. मिस्त्रींनी दोन्ही शेजारी ठेवले, तर रुंदी वेगळी, दातांचा आकार वेगळा. कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा. असे चार-पाच जुने बेल्ट आणि रिकामे खोके ठेवतच असणार तो, मागेल त्याला द्यायला.

आणि दिवा? तो दिवा बेल्ट बघत नाही हो, फक्त किलोमीटर मोजतो. आत सेन्सर-बिन्सर काही नाही. ट्रिपच्या बटणाने शून्य करता येतो, मिनिटभराचं काम. मी त्या मिनिटाचे 8,500 दिले.

नुसत्या किलोमीटरवर पण जाऊ नका. साकीनाका, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, सायनचं सिग्नल, तासभर इंजिन चालू आणि गाडी सरकली किती तर सहा-सात किमी. मीटर तेवढंच मोजतो पण बेल्ट मात्र तासभर फिरलेला असतो, गरम होऊन. रबर वर्षांनीही कडक होतं, क्रँकचं किंवा कॅमचं सील गळून त्यावर ऑइल आलं तर मुदतीच्या आधीच जातो. म्हणून मॅन्युअलमध्ये किमी आणि वर्षं दोन्ही दिली असतील तर जे आधी भरेल ते धरा. आणि तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन ते आधी बघा, 1.3 मल्टिजेटवाल्या स्विफ्ट डिझेलला चेन आहे, डस्टरच्या 1.5 डिझेलला बेल्ट. चेनवाल्याकडून बेल्टचे पैसे घेणारे महाभागही असतील, काही सांगता येत नाही.

जुना पार्ट मागा असं सगळे सांगतात, मी मागितलाच होता. मागण्यापेक्षा कव्हर उघडताना स्वतः उभे राहा, निदान मोबाईलवर व्हिडिओ मागवा ज्यात नंबरप्लेट आणि उघडलेला बेल्ट एकाच शॉटमध्ये दिसेल, तुकडे जोडलेला नाही. नवीन बेल्ट बसायच्या आधी त्याच्या पाठीवर मार्करने स्वतः तारीख टाका. टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगही (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वाट दाखवणाऱ्या पुल्या) सोबत बदला, आणि ज्या गाडीत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो तिथे पंपही, कारण मजुरी तीच लागते आणि जुनं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही फाडतं.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय, दोन्ही बेल्ट आणि मिस्त्रींचं लेखी ठेवलंय. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तेव्हा तिथेही जाणार. गॅरेजवाल्याचं म्हणणं आधी होतं की बेल्ट टाकला होता, कंपनीचा माल खराब निघाला. मार्करवाला फोटो पाठवल्यावर म्हणाला पोराने गडबड केली असेल, तो पोरगा आता गावी गेला. परवा स्वतःहून फोन आला, निम्मी मजुरी परत देतो, मिटवून टाका. मी म्हटलं हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, तेव्हापासून फोन उचलत नाही.