रेसच्या व्हिडिओची वर्षभराची वर्गणी: समोरचा कॅमेरा कुठे गेला?

गेल्या वर्षी पुण्याचा सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पुतण्याने माझ्या फोनवर घोड्यांच्या रेस दाखवणारे हे ॲप चढवून दिले आणि वर्षाचे 1,800 रुपये माझ्याच खात्यातून भरूनही टाकले. ॲपचे नाव लिहीत नाही. पुढे बरीच किरकिर आहे, आणि नाव घेऊन कोणाच्या पोटावर पाय द्यायची हौस मला नाही. ज्यांना रेसचे वेड आहे ते ओळखतील.

ॲपवर मुंबई, पुणे, बंगळूर, हाँगकाँग, इंग्लंड अशा ठिकाणच्या घोड्यांच्या शर्यती थेट दिसतात आणि झालेल्या पुन्हा बघता येतात. पैज लावायची सोय नाही, ते बरेच. पैसे बुडवायचेच असतील तर मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत, गोव्यातल्या आमच्या साखळीहून पणजी काही लांब नाही.

आता मी कोण हे सांगायला हवे, नाहीतर म्हातारा उगाच एका कॅमेऱ्यावरून का अडून बसलाय असे वाटेल. 1984 साली मी साखळीहून मुंबईला गेलो आणि पहिली नऊ वर्षे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कॅमेऱ्याच्या मनोऱ्यावर हेल्पर होतो. केबल ओढायची, लेन्स पुसायची, शर्यत संपली की कॅसेट काखोटीला मारून पळत सुटायचे. त्या कॅसेटची वाट स्टुअर्डांच्या, म्हणजे रेसच्या पंचांच्या, खोलीत बघत असत. बहुतेक वेळा माझी नेमणूक समोरच्या मनोऱ्यावर असे, म्हणजे सरळ पट्ट्याच्या टोकाला, जिथून घोडे आपल्या अंगावर येताना दिसतात. स्टँडमधल्या लोकांना रेस बाजूने दिसते. कोण पुढे, कोण मागे, तेवढे कळते. कोणी कोणाला दाबले हे बाजूने कधीच कळत नाही.

एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. शेवटचे दोनशे मीटर. जवळजवळ पाचशे किलोचे जनावर ताशी साठ किलोमीटरने पळतेय, दमलेय, आणि दमलेला घोडा सरळ रेषेत राहात नाही, कुठल्या तरी एका बाजूला कलतो. जॉकीच्या उजव्या हातात चाबूक आहे. उजवीकडून फटका बसला की घोडा डावीकडे सरकतो. डावीकडे दुसरा घोडा आहे, त्याच्या पलीकडे रेल, म्हणजे ट्रॅकचे कुंपण. शहाणा जॉकी इथे चाबूक खाली घेतो, उजवा लगाम ओढतो, घोडा सरळ करतो आणि मग पुन्हा हाणतो. यात एखादी लांबी, म्हणजे एका घोड्याएवढे अंतर, जाते, कधी रेसही जाते. दुसरा जॉकी मारतच राहतो. समोरून बघितले तर दोन घोड्यांमधली उजेडाची फट मिटत जाताना दिसते, आणि मग आतल्या घोड्याचा जॉकी रिकिबीवर ताठ उभा राहतो, त्याच्या घोड्याचे तोंड वर जाते. तो ब्रेक मारतोय. स्टँडमधून हेच कसे दिसते? आतला घोडा ‘दमला’ म्हणून मागे पडला. लोक त्याच्याच जॉकीला शिव्या घालतात.

याला रेसच्या भाषेत ‘केअरलेस रायडिंग’ म्हणतात. मुद्दाम केले असे नाही, पण जेवढी काळजी घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही. मुद्दाम किंवा जिवावर बेतेल असे केले तर त्याची कलमे वेगळी आणि शिक्षाही फार जड.

म्हणून या ॲपकडून माझी मागणी एकच होती. इन्क्वायरी, म्हणजे स्टुअर्डांची चौकशी, लागली की समोरची फिल्म दाखवा. इथेच घोडे पेंड खाते.

ऑगस्टातला एक रविवार. बाहेर पाऊस कोसळतोय, लाईट जाऊन-येऊन, मी बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, फोन नारळाच्या करवंटीला टेकवून बसलोय, कारण घरात रेंज येत नाही. शेजारचे भाई पेजेचे भांडे हातात घेऊनच आले. भाईंचे सगळे आयुष्य धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, बघण्यात गेले. उच्च न्यायालयाने बंदी घालून इतकी वर्षे झाली, तरी कुठल्या गावात कुणाचा बैल तयार होतोय हे त्यांना पाठ. पुण्याची चौदाशे मीटरची रेस लागली. पहिला घोडा मानेच्या फरकाने जिंकला, आणि लगेच इन्क्वायरीची घोषणा. मी सरसावून बसलो. भाईंना म्हटले, आता बघा, समोरून दाखवतील.

ॲपने काय दाखवले? पंधरा सेकंद बाजूची फिल्म, मग फरसाणाची जाहिरात, मग थेट बंगळूरचा पॅडॉक, जिथे रेसआधी घोडे फिरवतात. सात-आठ मिनिटांनी पडद्याच्या खाली बारीक अक्षरांत निकाल सरकला: पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल. का? कोणी कोणाला कुठे दाबले? काही नाही. भाई पेज ओरपत म्हणाले, “असलें कितें ना आमच्या धिरयेंत. जो पळालो तो हरलो.” त्यांच्यापुढे मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी रिप्लेमध्ये शोधले. तिथेही तीच बाजूची फिल्म, तीही विनिंग पोस्टपाशी कापलेली. घोडे थांबेपर्यंत दाखवायला हवे. जॉकी एकमेकांकडे वळून काय हातवारे करतात यातही खूप काही असते. आम्ही कॅसेट कधीच पोस्टवर थांबवत नसू.

ॲपची लायब्ररी मात्र मोठी आहे, ते नाकारत नाही. परीक्षा म्हणून अमेरिकेतली 2019 ची केंटकी डर्बी काढली. मॅक्सिमम सिक्युरिटी नावाचा घोडा पावणेदोन लांबींनी जिंकला, दोन जॉकींनी ऑब्जेक्शन घेतले, स्टुअर्ड बावीस मिनिटे फिल्म बघत बसले आणि शेवटी विजेत्याला सतराव्या नंबरवर टाकले. पहिला नंबर गेला कंट्री हाउसला, ज्याचा भाव एकाला पासष्ट होता. मैदानातल्या आगळिकीसाठी डर्बीचा विजेता खाली येण्याची ती पहिलीच वेळ. पुढे मॅक्सिमम सिक्युरिटीचा जॉकी लुइस सायझ याला रेसचे पंधरा दिवस सस्पेंड केले. आता ॲपवर ही रेस बाजूनेच दिसते. वळणावर पुढचा घोडा बाहेर सरकला आणि मागे तीन-चार घोड्यांची कशी त्रेधा उडाली, हे बाजूने बघून माझ्या बायकोला पटेना. ती म्हणाली, जिंकला तो, उगाच काढून घेतला. समोरचा तुकडा पुतण्याने दुसरीकडून शोधून दाखवला तेव्हा एकदम म्हणाली, “अगोबाई, हा तर आडवाच आला!”

इथे थोडे विषयांतर, कारण ॲपवरची मंडळी समालोचनात या बाबतीत सर्रास घोळ घालतात. घोड्याचा नंबर काढून घ्यायचा की नाही हा एक प्रश्न आणि जॉकीला शिक्षा करायची की नाही हा दुसरा. दोन्ही वेगळे. जगातल्या बहुतेक मोठ्या रेसिंग देशांत आता असा नियम आहे की ज्याला अडवले तो, अडवले नसते तर, अडवणाऱ्याच्या पुढे आला असता असे स्टुअर्डांना वाटले तरच नंबर बदलायचा. 2018 पासून फ्रान्सनेही तोच धरला. अमेरिकेत मात्र अडवल्याने दुसऱ्याचा नंबर गेला असेल तर अडवणारा त्याच्या खाली. म्हणून मॅक्सिमम सिक्युरिटी हाँगकाँगला किंवा इंग्लंडला पळाला असता तर पहिला नंबर बहुधा राखून असता आणि जॉकी तरीही घरी बसला असता. समालोचक मात्र दर वेळी ‘घोडा निर्दोष, जॉकी दोषी, हे कसे काय’ म्हणून हसतात. हे असेच असते, बाबांनो.

शिक्षा कधी लागू होते यावरही तोच गोंधळ. 2022 मध्ये जॉकी ख्रिस्तोफ सुमियोंने फ्रान्समधल्या सेंट-क्लू इथे पळत्या रेसमध्ये कोपर मारून दुसऱ्या जॉकीला खाली पाडले. साठ दिवसांचे निलंबन झाले आणि दोनच दिवसांनी तो पॅरिसच्या आर्क या मोठ्या शर्यतीत घोड्यावर बसलेला, दुसराही आला. लोक खवळले. पण निलंबन पुढच्या तारखेपासून लागायचे होते, कारण मालकांनी जॉकी आधीच ठरवलेले असतात. आपल्याकडे शिक्षा बहुधा रेसच्या दिवसांत मोजतात आणि एका क्लबने केलेली दुसरे क्लब पाळतात, म्हणजे पुण्यात सस्पेंड झाला म्हणून हैदराबादला जाऊन बसता येत नाही. चार दिवस म्हणजे ऐकायला किरकोळ. पण तेच चार दिवस जानेवारीच्या शेवटी आले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीची इंडियन डर्बी हुकली, तर त्या पोराचे वर्ष गेले. अशा वेळी पोरे स्टुअर्डांच्या खोलीतून जिना उतरताना कशी दिसतात ते मी पाहिले आहे. एकाने माझ्या हातातल्या कॅसेटकडे असे बघितले होते, जणू मीच त्याचा घोडा आडवा घातला.

आता परत ॲपकडे. चित्र स्वच्छ, आवाज ठीक. पावसात अडकते, पण तो दोष अर्धा आमच्या टॉवरचा. इंग्लंडच्या शर्यती उत्तम, कारण तिथून येणाऱ्या चित्रातच समोरची फिल्म असते आणि ॲपवाल्यांना ती कापायचा कंटाळा येत असावा. ‘निकाल व अहवाल’ असा एक रकाना आहे, त्यात अहवाल नसतोच, नुसते नंबर. उलट हाँगकाँगच्या जॉकी क्लबच्या संकेतस्थळावर प्रत्येक शर्यतीतला प्रत्येक घोडा कुठे अडखळला, कोणाला धक्का लागला, कोणाला समज दिली, हे फुकट वाचायला मिळते. सुटायला उशीर झाला इथपर्यंत लिहिलेले असते. मी रविवारी संध्याकाळी चष्मा लावून ते वाचतो, बायको त्याला माझे पोथीवाचन म्हणते.

तक्रार केली. मेलला उत्तर आले, ‘आपल्या भावना आम्ही समजतो’, आणि खाली पाच तारे द्या म्हणून विनंती. मग फोन लावला. मुलगी बोलायला गोड होती. मी म्हटले, समोरून घेतलेली फिल्म हवी. ती म्हणाली, “समोरून म्हणजे कुठून, सर?” मी तिला मनोऱ्यापासून सगळे सांगितले, वीसेक मिनिटे. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली की तिच्या काकांनाही बैलगाडा शर्यतीत असेच वाटते. तिच्यावर राग धरता येत नाही. तिने नोंद करून घेतली, नंबर दिला. त्यानंतर काही झाले नाही.

फायदा झाला तो एकच, आणि ॲपवाल्यांचा त्यात हात नाही. भाई दर रविवारी येऊ लागले. मुंबईच्या सीझनपर्यंत त्यांचा डोळा इतका तयार झाला की बाजूच्या चित्रावरूनही ओळखू लागले. डिसेंबरात एकदा निकाल लागण्याआधीच ओरडले, “त्याची काठी बघ, काठी! खाली घेना तो!” इन्क्वायरी लागली. जॉकीचे पुढे काय झाले ते ॲपने अर्थातच सांगितले नाही. भाई सोमवारी सकाळी फाटकात उभे, हाँगकाँगसारखे कागद आपल्याकडे कुठे मिळतात विचारायला. मला क्लबच्या अहवालाचे पान शोधून त्यांना वाचून दाखवावे लागले. जॉकीला ताकीद देऊन सोडले होते. भाईंना ते कमी वाटले.

वर्गणी संपत आली तसे रोज संदेश येऊ लागले. वर्षाची घेऊ नका, तीन महिन्यांची मिळते, 600 रुपये. आमच्यासारखे डिचोली-सत्तरीकडे राहात असाल तर पावसाळ्यात तीही घेऊ नका, नोव्हेंबरात मुंबई सुरू झाली की घ्या. मी तीन महिन्यांचीच भरली. तीन तारे देतोय. अर्ध्याची सोय नव्हती, नाहीतर अडीच दिले असते.