आईच्या विसरण्यासाठी कुठली टेस्ट बरी, एमएमएसई की मोका?

आमची आई ७४ची, खानापुरात असते, चौथी शिकलेली. वर्षभर झालं चहात साखर दोनदा घालतेय नाहीतर घालायचीच विसरतेय, म्हणून बेळगावला दाखवायला नेली तेव्हा या दोन्ही टेस्ट जवळून बघितल्या.

दोन्ही आठवण आणि विचार तपासायच्या, ३० मार्कांच्या, वेळ दहा-पंधरा मिनिटं. एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) १९७५ची, त्यात आज वार कुठला, गाव कुठलं, तीन शब्द लक्षात ठेवा, १०० मधून सात-सात वजा करा, असलं असतंय. सोपी आहे, पण शिकलेला माणूस सुरुवातीच्या विसरण्यातही त्यात चांगले मार्क काढून जातो.

मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) २००५ची, शब्द पाच, शिवाय घड्याळाचं चित्र काढा, घनाचं म्हणजे चौकोनी ठोकळ्याचं चित्र काढा. सुरुवातीचं पकडायला हीच जास्त बारीक. पण कमी शिकलेल्यांना जड जाते, १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक मार्क जादा देतात खरा, पण चौथीवाल्याला एका मार्कानं काय होतंय सांगा? घन बघून आईची पेन्सिल हातातच थांबली, त्याचं मला काही वाटलं नाही, पण पाचातले दोनच शब्द आठवले तेव्हा पोटात गोळाच आला.

आणि भाषेचं बघाच. आधी कन्नडमधून विचारत होते, आईचं कन्नड बाजारापुरतं, मराठीतून विचारा म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला.

मार्क कमी आले म्हणजे लगेच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नव्हे, बी-१२ व्हिटॅमिन, थायरॉईड, डिप्रेशन, कमी ऐकू येणं हे सगळं आधी तपासायला पाहिजे. आईचं रक्त परवाच दिलंय.