आठ महिने, पारोळा ते जळगाव: गाडीला लावलेल्या जोड-व्हायझरचा अनुभव

मी पारोळ्याला राहते आणि जळगावच्या कॉलेजात शिकवते. सकाळी पूर्वेला जायचं, संध्याकाळी पश्चिमेला परतायचं, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य समोर. माझी एक मैत्रीण जळगावात राहून पारोळ्याला नोकरीला येते. रस्ता तोच, पण तिच्या दोन्ही वेळा सूर्य पाठीशी असतो. तिला मी काय सांगते ते बरेच दिवस कळतच नव्हतं.

त्यात माझी उंची पाच फूट. गाडीचं मूळचं व्हायझर, म्हणजे समोरच्या काचेच्या वर ऊन अडवायला असते ती दुमडती फळी, पूर्ण खाली ओढलं तरी त्याची कड माझ्या नजरेच्या बरीच वर राहते आणि सकाळचं कोवळं ऊन तिच्या खालून थेट डोळ्यांत येतं. सीटवर उशी घेऊन पाहिली, पण मग क्लचला पाय नीट पुरेना. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये एरंडोलच्या अलीकडे समोरचा केळीचा ट्रक हळू झालेला मला दिसलाच नाही. काच नुसती पांढरी झाली होती. ब्रेक लागला, काही झालं नाही, पण त्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना हात कापत होता. त्याच आठवड्यात ऑनलाइन शोधून हे जोड-व्हायझर मागवलं. 749 रुपयांना पडलं.

वस्तू साधी आहे. मूळच्या व्हायझरला बसणारा एक चिमटा, त्याला गोल बॉलचा सांधा आणि सांध्यावर दोन शीट: दिवसासाठी धुरकट आणि रात्रीसाठी पिवळी. सांध्यामुळे शीट खालीवर होते, कडेला सरकते, तिरकी होते.

पहिला महिना मी फार खूश होते. 23 सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, आणि आपला हायवेही जवळपास पूर्व-पश्चिमच जातो. सूर्य नाकासमोर. आपल्याकडे त्या दिवसांत तो पहिल्या तासात साधारण 14 अंश वर चढतो. मी पावणेसातला निघायचे तेव्हा तो जेमतेम झाडांच्या वर आलेला असायचा. निम्मा प्रवास धुरकट शीटमधून पाहायचं, पाळधी येईपर्यंत सूर्य मूळच्या व्हायझरमागे जायचा, मग शीट वर. बांभोरीचा गिरणेवरचा पूल मोकळ्या काचेतून ओलांडायचा.

डिसेंबरमध्ये गणित बदललं. तेव्हा सूर्य पूर्वेपासून जवळपास 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. जळगावकडे तोंड असताना दक्षिण उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. तिरीप येते ती काच आणि दरवाजा यांच्यामधल्या खांबाजवळून. आधी खांबाच्या डावीकडून, अर्ध्या-पाऊण तासाने त्याच्या उजवीकडून, दरवाजाच्या काचेतून. मूळचं व्हायझर समोर ठेवलं तर बाजू उघडी, बाजूला फिरवलं तर समोर उघडं. (ते आरशाकडच्या हुकातून सोडवून दरवाजाकडे फिरवता येतं हे ठाऊक नसलेले कितीतरी जण मला भेटले. आज गाडीत बसलात की करून बघा.) इथे या जोड-व्हायझरने खरं काम केलं. मूळचं बाजूला फिरवायचं, आणि त्याला लावलेल्या चिमट्यावरून शीट खांबाच्या पुढे आडवी ओढायची. दोन्ही फटी बुजतात.

संध्याकाळी उलट. पारोळ्याकडे तोंड असताना डिसेंबरचा सूर्य डावीकडे, आरसा आणि शेजारचं व्हायझर यांच्यामधल्या फटीतून येतो. शेजारी बसणाऱ्याचे तर हालच. सासूबाईंना डोळे दाखवायला जळगावला नेलं होतं, परतताना त्या पदर डोळ्यांवर धरून बसलेल्या. मी गाडी बाजूला घेतली, चिमटा काढून त्यांच्या व्हायझरला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आते बरं शे माय, डोयामा ऊन जात नही." चिमटा काढून दुसरीकडे लावायला अर्धा मिनिट लागतो. तो कायमचा स्क्रूने बसवलेला नाही, हीच यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. रविवारी गाडी आमचे हे चालवतात, त्यांची उंची पाच-दहा. ते शीट चार बोटं वर करतात, सोमवारी मी खाली आणते.

आता शीटच्या आकाराबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचार मी यावरच केला. माझी शीट जवळपास वीतभर उंच आणि दीड वीत रुंद आहे. एवढी कशाला? आकाशात सूर्य दिसतो जेमतेम अर्धा अंशाचा. डोळ्यापासून 40 सेंटीमीटरवर धरलेला चार मिलिमीटरचा ठिपकासुद्धा एका डोळ्यापुरता त्याला झाकतो. आपले डोळे दोन, त्यांच्यात सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर, शिवाय खड्ड्यात डोकं हलतं. म्हणून तळहाताएवढी जागा लागते. उन्हात आपण हात आडवा धरतो तो यासाठीच पुरतो. त्याहून मोठी शीट सूर्य जास्त झाकत नाही, रस्ता जास्त झाकते. मोठी शीट घेण्यात शहाणपण आहे असं मलाही आधी वाटलं होतं.

आणि मोठी म्हणजे जड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तेव्हा दोन्ही शीट मिळून 310 ग्रॅम भरली. हे सगळं वजन लोंबतं त्या बॉलच्या सांध्यावर. नवा होता तेव्हा सांधा घट्ट होता. फेब्रुवारीपासून तो सैल पडू लागला, आणि एप्रिलमध्ये पारा 43-44 ला गेला, गाडी दिवसभर कॉलेजच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहू लागली, तेव्हा प्लास्टिकने पकड सोडली. एका संध्याकाळी एरंडोलच्या पुढे स्पीडब्रेकरवर शीट घसरून थेट माझ्या तोंडासमोर आली. मी हाताने वर ढकलली, पुढच्या धक्क्याला पुन्हा खाली. शेवटी उपटून मागच्या सीटवर टाकली आणि डोळे बारीक करून घरी आले.

विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की सुटा सांधा मिळत नाही, नवा नग घ्या. सुटी शीटही मिळत नाही. मला याचा राग आला. चिमटा उत्तम, शीट ठीक, आणि दहा रुपयांच्या भागासाठी अख्खी वस्तू फेकायची?

उपाय आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्या दादांनी केला. सांधा खोलला, बॉल आणि वाटीच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला, आणि आतल्या प्लास्टिकच्या नटाऐवजी लोखंडी विंगनट लावला, जो बोटांनी पिळता येतो. त्याच वेळी पिवळी शीट मी कायमची काढून टाकली, शंभर ग्रॅम कमी झाले. दीड महिना झाला, सांधा हललेला नाही. हे काम कारखान्यातच व्हायला हवं होतं.

पिवळी शीट का काढली तेही सांगते. रात्री समोरच्या हेडलाइटपासून आराम, असं खोक्यावर लिहिलं होतं. त्यातून पाहिलं की सगळं उजळ वाटतं खरं, पण ती प्रकाश अडवतेच, वाढवत नाही. मुकटीजवळ रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं मला तिच्यातून उशिरा दिसली. रात्री कुठलीही रंगीत शीट डोळ्यांपुढे नको. धुरकट शीटचंही तेच. जानेवारीत सूर्य बुडाल्यावर ती वर करायची राहिली, आणि कापसाची बैलगाडी अगदी जवळ आल्यावर दिसली. मागे रिफ्लेक्टर नव्हता. तेव्हापासून सूर्य टेकला की आधी हात शीटकडे जातो.

खोक्यावर "पोलराइज्ड" असंही छापलं होतं. डांबरावरून, बॉनेटवरून परावर्तित होणारी चमक बऱ्याच अंशी आडव्या कंपनांची असते आणि पोलराइज्ड शीट नेमकी तीच अडवते, म्हणून हा गुण खरा असेल तर मोलाचा. तपासणं सोपं आहे: चालू एलसीडी मॉनिटरसमोर शीट धरून हळूहळू गोल फिरवायची. पोलराइज्ड असेल तर एका ठिकाणी स्क्रीन काळा पडतो. कॉलेजच्या लॅबमध्ये करून पाहिलं. पूर्ण फिरवली, स्क्रीन तसाच. शीट नुसती रंगवलेली आहे.

बरेच जण विचारतात की पोलीस अडवतात का. मला कुणी अडवलं नाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली ती काचेला चिकटवलेल्या फिल्मवर. हे काचेला लागतच नाही. पण शीटने अर्धी काच झाकून बसू नका. आणि ती खांबाला किंवा छताच्या कडेला बांधून टाकू नका. कित्येक गाड्यांत तिथे कर्टन एअरबॅग असते, म्हणजे अपघातात खिडकीवर पडद्यासारखी फुगणारी पिशवी.

धुळीची काळजी घ्या. पहिले दोन महिने मी ओढणीने शीट पुसत होते. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, तिने शीटवर केसासारखे ओरखडे पडले आणि तिरप्या उन्हात ती आता दुधाळ दिसते. आधी पाण्याने धुवायची, मग मऊ कापड.

ही शीट बदलायची वेळ आली आहे. जळगावला बोर्ड बनवणाऱ्याकडे धुरकट पॉलिकार्बोनेटचा तुकडा सांगितला आहे. ॲक्रिलिक स्वस्त होतं, पण ते फुटलं की धारदार तुकडे होतात आणि ही वस्तू चेहऱ्यासमोर असते. माप दिलं आहे 15 बाय 12 सेंटीमीटर, कडा घासून गोल करायला सांगितल्या आहेत. चिमटा जुनाच राहील, ट्यूबचा तुकडाही.