बोटांच्या पेरांवरच्या भेगा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडची वीस मिनिटं

मी नर्स आहे. ड्युटीवर हात किती वेळा धुतले याचा हिशेब कुणी ठेवत नाही, पण तीस-चाळीसच्या खाली तो जात नाही. यंदा उजव्या हाताच्या पेरांवर भेगा पडल्या. मूठ वळली की रक्त दिसायचं. अंगठीखाली लाल कडं उमटलं होतं. दोन महिने मनानेच क्रीमं बदलली आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

अपॉइंटमेंट देतानाच सांगितलं होतं, हाताला लागतं ते सगळं घेऊन या. मी पिशवीभर नेलं: साबण, हातमोज्यांची जोडी, पाच क्रीमं. मॅडमनी एकेक बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. 'वास नाही' असं छापलेली एक बाटली बाजूला ठेवत म्हणाल्या, "सिस्टर, वास येत नाही म्हणजे सुगंधी द्रव्य नाही असं नसतं. मूळ वास झाकायलाही ते घालतात." इतकी वर्षं औषधांची लेबलं वाचतेय, क्रीमचं कधी वाचलं नव्हतं.

मग माझा हात दिव्याखाली धरला. त्वचेचा अगदी वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे मृत पेशी आणि त्यांच्यामधला गिलावा स्निग्ध पदार्थांचा, त्यातला जवळपास निम्मा सेरामाइड. साबण आणि गरम पाणी आधी हा गिलावाच धुऊन नेतात. शिवाय त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप) 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल, तर साध्या साबणाचा 9-10, म्हणजे उलट अल्कधर्मी. अंगठीखाली साबण आणि ओल अडकून राहते, म्हणून तिथे सगळ्यात आधी बिघडलं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच होती. सॅनिटायझर भेगांवर झोंबतो, म्हणून मी तो सोडून प्रत्येक वेळी साबणानेच हात धूत होते. मॅडम म्हणाल्या, नेमकं इथेच चुकतंय. ग्लिसरीन असलेला सॅनिटायझर साबणापेक्षा त्वचेला सौम्य असतो. झोंबतं ते आधीच पडलेल्या भेगांमुळे. हात मळलेले दिसत असतील किंवा जुलाबाचा पेशंट असेल तर साबण-पाणी हवंच. एरवी सॅनिटायझर पुरे. आणि एकापाठोपाठ दोन्ही तर मुळीच नको. आमच्या वॉर्डात निम्म्याजणी साबण लावून वर सॅनिटायझर चोळतात. दुसऱ्या दिवशी हँडओव्हर झाल्याबरोबर मी सगळ्यांना हे सांगितलं.

बाकी पथ्य सोपं आहे. पाणी कोमट. हात पुसायचे ते टिपून, घासून नाही. ओलसर असतानाच सेरामाइडचं क्रीम लावायचं. हातमोजे पूर्ण कोरड्या हातांवरच चढवायचे. रात्री पेट्रोलियम जेली आणि वर सुती हातमोजे. स्टिरॉइडचं मलम एक आठवडा दिलं, आणि त्याच्या पुढे एक दिवसही नाही हे चिठ्ठीवर अधोरेखित करून दिलं. त्या एका रेघेसाठीही मी त्यांना मानते. बरं वाटलं म्हणून महिनोन्महिने तेच मलम चोळत बसलेले आणि कातडी कागदासारखी पातळ झालेले पेशंट मी पाहिलेत.

नाराजी दोन गोष्टींची. वेळ घेऊनही सव्वा तास बाहेर बसावं लागलं. आणि पॅच टेस्टसाठी, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते पाहायच्या चाचणीसाठी, एकाच आठवड्यात तीन फेऱ्या: पाठीवर पट्ट्या लावायला, 48 तासांनी काढायला आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायला. तोवर पाठ भिजवायची नाही. शिफ्ट ड्युटीवाल्यांना हे आधी फोनवर सांगायला हवं. मला दोन रात्रपाळ्या बदलून घ्याव्या लागल्या. टेस्टमध्ये कशाचीच ॲलर्जी निघाली नाही. ज्या हातमोज्यांवर माझा संशय होता ते निर्दोष सुटले.

आज पाचवा आठवडा. भेगा भरल्या आहेत, मूठ वळते, कालच सॅनिटायझर घेतला आणि काहीच झोंबलं नाही. अंगठी मात्र अजून डबीतच आहे. तिच्या जागी बोटावर गुलाबीसर पट्टा आहे, आणि तो आजूबाजूच्या कातडीसारखा दिसेपर्यंत ती घालायची नाही असं मॅडमनी बजावलंय. तुमचंही काम सतत पाण्यात हात घालायचं असेल तर त्यांच्याकडे जरूर जा, आणि जाताना साबणसुद्धा पिशवीत टाका.