स्क्रूचा पत्रा की स्टँडिंग सीम: गोडाऊनचं छत निवडताना

लोखंडी गोडाऊन जास्त वर्षं टिकवायचं म्हटलं की चर्चा आधी कॉलमच्या जाडीवर आणि रंगाच्या हातांवर जाते. ते महत्त्वाचं आहेच. पण माझ्या पाहण्यात सांगाडा स्वतःहून क्वचितच दगा देतो. त्याला गंज चढवतं ते छतातून झिरपलेलं पाणी. त्यामुळे नवी शेड बांधणाऱ्याने किंवा जुनं छत बदलणाऱ्याने डोकं घालावं ते या प्रश्नात: पत्रा आरपार स्क्रू मारून पर्लिनवर, म्हणजे छताखालच्या आडव्या लोखंडी आधारांवर, बसवायचा, की स्टँडिंग सीम, म्हणजे उभ्या कडा एकत्र दुमडून जोडलेले पत्रे, घ्यायची? दोन्ही प्रकारच्या छतांखाली मी माल ठेवला आहे आणि दोन्हींवर चढलोही आहे.

स्क्रूच्या पत्र्याची बाजू आधी मांडतो, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. तो कुठलीही टोळी बसवू शकते. फोर्कलिफ्टचा मास्ट लागून एखादा पत्रा फाटला, तर तेवढाच काढून दुसरा टाकता येतो. शिवाय घट्ट आवळलेला पत्रा पर्लिनला वरून धरून ठेवतो, ती आडवी कलंडत नाही. उतार चांगला असेल आणि वळचणीपासून रिजपर्यंतची, म्हणजे छताच्या माथ्यापर्यंतची, लांबी कमी असेल, तर या छताने मला त्रास दिलेला नाही.

त्रास सुरू होतो तो लांबी वाढली की. पोलाद तापलं की वाढतं, दर मीटरला दर अंशामागे ०.०१२ मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो. पण ५० मीटरचा सलग उतार धरा आणि रात्रीच्या व दुपारच्या पत्र्यात ४० अंशांचा फरक धरा, तर पत्रा २४ मिलिमीटर सरकायला बघतो. खालची पर्लिन सावलीत असते, ती तेवढी वाढत नाही. ती थोडी वाकून पत्र्याला साथ देते. उरलेला ताण स्क्रूच्या भोकावर येतो. रोज थोडं थोडं करत भोक लांबट होतं, आणि वरचं ईपीडीएमचं, म्हणजे रबराचं, वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतं. बसवणाऱ्याने स्क्रू जास्त आवळून वॉशर चेपला असेल किंवा तिरका मारला असेल, तर एवढी वाटही पाहावी लागत नाही.

गळतंय म्हणून मी वैतागलो नाही. वैतागलो ते कुठून गळतंय हे कळत नाही म्हणून. पाणी एका भोकातून शिरतं, पत्र्याच्या पोटाला धरून खाली सरकतं, पर्लिनवर उतरतं, तिच्या कडेने वाहत जातं आणि भलत्याच रॅकवर टपकतं. खाली इन्सुलेशन असेल तर विचारूच नका. त्याचा पांढरा कागद पाणी झोळीसारखा धरून ठेवतो. खालून नुसता फुगवटा दिसतो, टाचणी लावली की बादलीभर पाणी येतं. मग कुणीतरी वर चढतो, अंदाजाने दहा-बारा स्क्रूंवर सिलिकॉन थापतो आणि सांगतो, झालं काम. पुढच्या पावसात गळती तिथेच, किंवा दोन खण सोडून. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन असेल तर आणखी वाईट, कारण त्यातून सुटणारं आम्ल जस्ताचा थरच खातं. दरम्यान पर्लिनची वरची पट्टी ओल्या इन्सुलेशनखाली गंजत राहते, आणि ते पत्रा उचलल्याशिवाय दिसत नाही. एकदा पत्रा उचलल्यावर स्क्रूभोवतीचं पर्लिनचं लोखंड नखाने पापुद्रे निघतील इतकं पोखरलेलं निघालं. खालून तीच पर्लिन अगदी ठणठणीत दिसत होती. माझं मत तिथेच बनलं.

स्टँडिंग सीममध्ये पत्र्याच्या मधल्या भागात भोकच नसतं. पर्लिनवर क्लिपा बसतात, शेजारच्या पत्र्यांच्या उभ्या कडा क्लिपेवरून एकत्र दुमडल्या जातात आणि सरकत्या क्लिपेमुळे पत्र्याला तापून वाढायला जागा मिळते. कल्पना काही कालची नाही. अमेरिकेच्या बटलर कंपनीने असं छत १९६९ सालीच बाजारात आणलं होतं. पाणी अडवण्यासाठी रबरावर भिस्त नसल्याने उतार कमी असला तरी चालतो. पुढे सोलर बसवायचं झालं, तर क्लँप सीमलाच पकडतात, नवं भोक पाडावं लागत नाही.

आता तिची नखरेलपणाची बाजू. दुमडण्याचं मशीन आणि ते चालवणारा हात, दोन्ही चांगले लागतात. पत्रा सुटा असल्याने पर्लिनला धरून ठेवायला वेगळं ब्रेसिंग, म्हणजे जादा आधार, द्यावं लागतं, ते डिझाइनमध्ये नसेल तर नंतर सुचून उपयोग नाही. वाऱ्याची ओढ कोपऱ्यांत आणि कडांना सर्वाधिक असते, तिथे क्लिपा जवळजवळ हव्यात. मधला एखादा पत्रा बदलायचा तर शेजारचे सोडवत बसावं लागतं. आणि एक्झॉस्टचा पाइप जिथे छत फोडून वर जातो, तिथे हेही छत इतर छतांसारखंच गळू शकतं.

पत्र्याच्या लेपावरून मात्र दोन्हींत डावं-उजवं करू नका. गॅल्व्हल्यूम, म्हणजे वजनाने ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त, दोन्ही प्रकारांत मिळतो आणि दोन्हींत त्याच चुकांनी खराब होतो: ड्रिलचा कीस झाडून न काढणं, पेन्सिलीने खुणा करणं, एसीच्या तांब्याच्या नळीचं पाणी पत्र्यावर सोडणं.

छोटी शेड, चांगला उतार आणि वर चढून वेळच्या वेळी वॉशर तपासणारं माणूस असेल, तर स्क्रूचा पत्रा घेण्यात गैर काही नाही. भोक सैल झालंच, तर ५.५ मिलिमीटरच्या स्क्रूच्या जागी ६.३ चा मारून बरीच वर्षं निभावता येतं, अट एवढीच की खालची पर्लिन शाबूत हवी. भिंतींना तर मी आजही स्क्रूचाच पत्रा लावेन, तिथे पाणी साचत नाही. पण लांब उताराचं, खाली इन्सुलेशन असलेलं आणि भिजला तर वाया जाणारा माल ठेवायचं गोडाऊन असेल, तर माझा हात स्टँडिंग सीमकडेच जाईल. मात्र ऑर्डर देण्याआधी फॅब्रिकेटरकडून ड्रॉइंगवर दाखवून घ्या की पत्रा कुठल्या एका टोकाला पक्का धरला आहे आणि कुठे सरकतो. घाईत असलेली टोळी रिज आणि वळचण दोन्हीकडे स्क्रू मारून मोकळी होते; मग सरकत्या क्लिपांना काही कामच उरत नाही.